घोड, भीमा आणि लाल रेघ मारलेली ओळ

तळेगाव म्हटलं की पुणे जिल्ह्यातला माणूस पहिला प्रश्न विचारतो, 'कुठलं? दाभाडे की ढमढेरे?' एक मावळात, मुंबईच्या वाटेवर. दुसरं आमच्या शिरूर तालुक्यात, वेळ नदीच्या काठी. शिरूर तालुक्यात निमगावं तर तीन आहेत: निमगाव म्हाळुंगी, निमगाव भोगी आणि निमगाव दुडे. टाकळी हाजी आहे, टाकळी भीमा आहे. पिंपळे जगताप आहे, पिंपळे खालसा आहे. खुद्द शिरूरही एकटं नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ. म्हणून तर जुनी माणसं अजूनही आमच्या गावाला सरळ घोडनदी म्हणतात.

आपल्या माणसांनी हा घोळ शेकडो वर्षांपूर्वीच ओळखला होता. नाव एकटं पुरत नाही, त्याला शेपूट लागतं. मोठं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. कुठं पाटलाचं आडनाव लावायचं, कुठं शेजारच्या नदीचं, कुठं जमीन खालसा की दुमाला ते. नाव ऐकून माणूस नेमक्या जागी पोहोचला पाहिजे, एवढाच त्यामागचा हेतू.

टपाल खात्याला मात्र शेपटांनीही भागेना. देशभर सारख्या नावांची गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले, स्पेलिंगचा पत्ता नाही. त्यावर तोडगा काढला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. टपाल खात्यातला वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचा कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड सुरू झाला. आमच्या शिरूरचा ४१२२१०, दौंडचा ४१३८०१. सहा आकडे आले आणि घोडनदी लिहा की शिरूर, पत्र एकाच पोस्टात यायला लागलं.

हे सगळं सांगतोय कारण माझं कामही तेच आहे. नावं आणि पत्ते जुळवायचे. फक्त गावांचे नाहीत, कॉम्प्युटरचे.

शिरूर आणि दौंड अशा दोन्हीकडे शाखा असलेल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. अशा संस्था तुमच्याही गावात आहेत. सकाळी दुकानं उघडली की पिग्मी एजंट फिरतो. चहावाला पन्नास रुपये देतो, भाजीवाली आजी वीस देते, गॅरेजवाला शंभर. मशीनमधून चिठ्ठी निघते, आजी ती पदराच्या गाठीत बांधते. त्या वीस रुपयांची खरी नोंद मात्र चिठ्ठीत नसते. ती शिरूरच्या शाखेतल्या मागच्या खोलीत, एका लोखंडी रॅकमध्ये गुणगुणत बसलेल्या सर्व्हरमध्ये असते. तो सर्व्हर गेला तर आजीकडे उरतात फक्त पुसट झालेल्या चिठ्ठ्या.

म्हणून बॅकअप. शिरूरच्या मुख्य सर्व्हरची प्रत रोज रात्री दौंडच्या शाखेतल्या दुसऱ्या मशीनवर जाते. एका गावात आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली, तरी दुसऱ्या गावात प्रत शाबूत राहावी हा हिशेब. शिरूर घोड नदीकाठी, म्हणून तिथल्या मशीनचं नाव 'घोड'. दौंड भीमेकाठी, म्हणून तिथलं मशीन 'भीमा'. घोड पुढे जाऊन भीमेलाच मिळते, तेव्हा माहिती कुठून कुठे वाहते हे शाखेतल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

पण मशीनला घोड आणि भीमा कळत नाही. त्याला कळतो आयपी ॲड्रेस, म्हणजे आकड्यांचा पत्ता. 'घोड म्हणजे अमुक आकडे' हे कुणीतरी त्याला सांगावं लागतं. यासाठीची सगळ्यात जुनी आणि साधी सोय म्हणजे होस्ट्स फाइल. एका ओळीत एक पत्ता आणि त्यापुढे नाव. बस, एवढंच. इंटरनेट अगदी लहान होतं तेव्हा अख्ख्या नेटवर्कसाठी अशी एकच यादी होती. ती अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे असायची. कुणाला नवा कॉम्प्युटर जोडायचा असेल तर त्यांना कळवायचं, मग त्या यादीत ओळ वाढायची आणि बाकीचे ती यादी उतरवून घ्यायचे. मशीनं वाढली तशी ही पद्धत झेपेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. आज तुम्ही फोनवर कुठलीही साइट उघडता तेव्हा नावाचा पत्ता डीएनएसच शोधून देतं. पण जुनी होस्ट्स फाइल मेलेली नाही. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही ती आहे. आणि सहसा मशीन आधी तिलाच विचारतं, मग बाहेर.

इथेच धोका सुरू होतो. ज्याला आधी विचारलं जातं, त्याला फितवलं की काम झालं. कितीतरी व्हायरस मशीनमध्ये शिरल्यावर होस्ट्स फाइलमध्ये ओळ घुसवतात. नाव खऱ्या बँकेचं, पत्ता चोराचा. तुम्ही नाव बरोबर टाइप करता आणि चुकीच्या दारात जाऊन उभे राहता. डीएनएसही फसवता येतं. २००८ मध्ये डॅन कमिन्स्की या संशोधकाने ते किती सोपं आहे हे दाखवलं, तेव्हा जगभरच्या कंपन्यांना धावपळ करून दुरुस्ती करावी लागली होती.

नाव बरोबर, दार चुकीचं. याची पुण्यातली किंमत आपण पाहिली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. एटीएममध्ये कार्ड घातलं की 'याच्या खात्यात पैसे आहेत का, देऊ का?' ही विचारणा बँकेच्या मूळ यंत्रणेकडे जायला हवी. ती चोरांनी उभ्या केलेल्या खोट्या स्विचकडे गेली आणि त्या खोट्या स्विचने 'दे' म्हणून सांगितलं. २८ देशांतल्या एटीएमनी नोटा मोजून दिल्या. कुणी तिजोरी फोडली नाही. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला खरं समजलं, इतकंच झालं.

३१ जुलै २०२४ ची बातमीही अनेकांना आठवत असेल. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरलं. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा पुरवते. एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिचा संबंध तात्पुरता तोडला आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय, एटीएम व्यवहार अडकले. रॅन्समवेअर माहितीला कुलूप घालतं आणि किल्लीसाठी पैसे मागतं. अशा वेळी ज्याच्याकडे चांगला बॅकअप आहे तो सुटतो. हे चोरांनाही माहीत असतं. म्हणून आत शिरलेला चोर मुख्य सर्व्हरला हात लावण्याआधी एकच गोष्ट शोधतो: बॅकअप कुठे आहे? आणि त्याला उत्तर कुठे मिळतं? होस्ट्स फाइलमध्ये. तिथे आपणच ठळक नावाने लिहून ठेवलेलं असतं, 'बॅकअप सर्व्हर', पत्त्यासकट.

म्हणून आमच्याकडे घोडला भीमा माहीतच नाही. शिरूरच्या मशीनवर दौंडचं नावही नाही, पत्ताही नाही. घोड काही पाठवत नाही. भीमा रात्री स्वतः येते, दार वाजवते, फक्त वाचायची परवानगी असलेल्या खात्यातून प्रत उचलते आणि जाते. घोडमध्ये शिरलेल्या चोराला पुढची वाट दाखवणारी पाटी तिथे नाही. तो जोडण्यांच्या नोंदी खणून काहीतरी शोधेलही, पण भीमाचं दार आतून उघडत नाही.

दुसरा नियम: भीमा कुणाला पत्ता विचारत नाही. तिच्या होस्ट्स फाइलमध्ये मोजून चार ओळी आहेत आणि त्या हाताने लिहिलेल्या आहेत. यावर कुणी म्हणेल, हे फार जुनाट झालं. पण ४ ऑक्टोबर २०२१ आठवा. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सहा तासांच्या आसपास बंद होतं. देखभालीच्या एका आदेशाने कंपनीचं नेटवर्क जगापासून तुटलं, त्यासोबत त्यांचे डीएनएस सर्व्हरही दिसेनासे झाले, आणि दुरुस्तीची आतली साधनंही त्याच डीएनएसवर अवलंबून असल्यामुळे इंजिनियरांचे हात बांधले गेले. किल्ली घरात आणि दाराला बाहेरून कुलूप. बॅकअप यंत्रणा वापरायची वेळ येते तीच मुळात सगळं पडलेलं असताना. तेव्हा पडलेल्या यंत्रणेलाच पत्ता विचारावा लागत असेल, तर त्या बॅकअपचा काय उपयोग?

तिसरा नियम मी पतसंस्थेच्या जुन्या खातेवह्यांकडून शिकलो.

कॉम्प्युटर यायच्या आधी संस्थेत एकाच नावाचे सभासद किती असायचे, विचारू नका. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनावही तेच. चुलतभाऊ एकाच आजोबांच्या नावाने ओळखले जाणारे. त्यामुळे जुने कारकून नावावर कधीच पैसे देत नसत. आधी खाते क्रमांक, मग वहीतलं पान, आणि शेवटी नमुना सही. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. समोरचा माणूस कितीही ओळखीचा असो, नमुना सहीशी ताडून पाहिल्याशिवाय नोट हातातून सुटायची नाही. कुणी रागावलं तर कारकून म्हणायचा, 'तुम्हाला ओळखतो हो, पण वहीला ओळखायला पाहिजे.'

मशीनलाही असा अंगठा असतो. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्ड चोरीचा प्रकार झाला, त्यानंतर तिथल्याच तातू यलोनेन यांनी एसएसएच तयार केलं. आज जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर त्याच वाटेने एकमेकांशी बोलतात. यात प्रत्येक मशीनकडे स्वतःची किल्ली असते आणि त्या किल्लीचा एक ठसा. पहिल्यांदा जोडताना तो ठसा लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी त्याच नावाचं मशीन वेगळा ठसा घेऊन आलं, तर एसएसएच मोठ्या अक्षरांत ओरडतं: समोरच्याची ओळख बदलली आहे, कुणीतरी फसवत असण्याची शक्यता आहे.

तुम्हीही हे पाहिलंय. व्हॉट्सॲपवर मधूनच एक ओळ येते, अमक्याचा सुरक्षा कोड बदलला आहे. बहुतेक वेळा मित्राने फोन बदललेला असतो किंवा ॲप पुन्हा टाकलेलं असतं, म्हणून आपण ती वाचतही नाही. शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते ठीकच असतं. ही सगळी सोय केलेली असते ती शंभराव्या वेळेसाठी.

तर आमच्या दोन्ही शाखांत एक जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आहे. कपाटात, कुलुपात. रकाने पाच: अनुक्रमांक, मशीनचं नाव, पत्ता, ठसा, आणि दोन सह्या. एक माझी, एक शाखेतल्या जबाबदार माणसाची. नवं मशीन आलं, डिस्क बदलली, पत्ता बदलला, की आधी रजिस्टरमध्ये ओळ आणि मगच होस्ट्स फाइलमध्ये. मशीन निवृत्त झालं की ओळ खोडायची नाही. लाल रेघ मारून 'रद्द' लिहायचं आणि तारीख टाकायची. होस्ट्स फाइल बदलण्याचा अधिकार रोजच्या वापराच्या कुठल्याच खात्याला नाही आणि आठवड्यातून एकदा फाइल रजिस्टरशी ताडून बघितली जाते. रॅन्समवेअरला सगळं कुलूपबंद करता येईल, पण पुठ्ठ्याच्या रजिस्टरला नाही.

मोठ्या यंत्रणाही शेवटी हेच करतात. नेटबॅकअप हे बॅकअपचं जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर आहे आणि त्यावर पुण्यातले इंजिनियर अनेक वर्षं काम करत आले आहेत. त्यात प्रत्येक मशीनला एक कायमचा ओळख क्रमांक आणि प्रमाणपत्र मिळतं. नावं ही त्या क्रमांकाला जोडलेली. एका मशीनची नावं अनेक असू शकतात, आखूड, लांब, जुनं, नवं. पण एखादं नाव आधीच दुसऱ्या क्रमांकाला जोडलेलं असेल आणि नवं मशीन त्यावर हक्क सांगू लागलं, तर ती जोडणी आपोआप होत नाही. ती मंजुरीसाठी थांबते आणि माणसाला 'हो' किंवा 'नाही' म्हणावं लागतं.

दौंडच्या लोकांना हे पटकन कळतं, कारण ते रेल्वेचं गाव. इंग्रजांच्या कागदांत या गावाचं स्पेलिंग 'धोंड' असं होतं. १८७८ साली मनमाडला जोडणारी लाइन झाली तीही धोंड-मनमाड याच नावाने. पुढे पाटीवर दौंड आलं, पण स्टेशनचा कोड 'डीडी' आहे. नाव कसंही लिहा, कोड एकाच फलाटावर नेतो. उलट बाजूने बघा. अहिल्यानगरकडून सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्यांना इंजिन फिरवावं लागू नये म्हणून कॉर्ड लाइनवर वेगळं स्थानक आहे. ऐकायला दोन्ही दौंडच, पण दौंड जंक्शन वेगळं आणि दौंड कॉर्ड लाइन वेगळं. तिकिटावरचा कोड न बघता नुसतं नाव वाचून निघालेला माणूस बॅगा घेऊन भलत्याच फलाटावर उभा असतो.

आता त्या शनिवारचं सांगतो.

संध्याकाळी काउंटर बंद झाला होता. शिरूरच्या शाखेत कॅशियर ताईंनी रोकड जुळवून तिजोरीत टाकली होती. तेवढ्यात वीज गेली, आली, परत गेली. जनरेटरवर दिवे लागले, पण मागच्या खोलीतला सर्व्हर काही उठेना. हार्डवेअरची देखभाल ज्यांच्याकडे होती त्यांचा मुलगा आला. त्याने खटपट केली आणि शेवटी स्टोअररूममध्ये पडलेलं जुनं मशीन ओढून आणलं, केबल जोडली, बटण दाबलं. स्क्रीनवर संस्थेचं सॉफ्टवेअर दिसलं. 'झालं चालू,' म्हणून तो निघून गेला. त्याच्या दृष्टीने ते खरंच चालू झालं होतं.

ते जुनं मशीन म्हणजे आठ महिन्यांपूर्वी निवृत्त केलेला सर्व्हर. नाव घोड. पत्ताही तोच, कारण नव्याला जुन्याचीच जागा दिली होती.

ठरल्या वेळी भीमा प्रत घ्यायला गेली, दार वाजवलं, आणि थांबली. माझ्या फोनवर मेसेज आला: ठसा जुळत नाही, बॅकअप रद्द.

दोन मिनिटांत शाखा व्यवस्थापकांचा फोन. 'अहो, बॅकअप लाल दाखवतोय. आमच्या आधीच्या संस्थेत असं झालं की पोरगं एक ओळ उडवायचं, लगेच हिरवं व्हायचं. तेवढं करा की, मला घरी पाहुणे आहेत.'

ते चुकीचं काही सांगत नव्हते. नोंदवलेल्या ठशाची ओळ काढून टाकली की एसएसएचला वाटतं आपण पहिल्यांदाच भेटतोय, आणि ते नवा ठसा निमूट स्वीकारायला तयार होतं. इंटरनेटवर या अडचणीचं उत्तर शोधलं की सगळ्यात आधी हाच उपाय मिळतो. एका ओळीचं काम. मी म्हटलं, 'साहेब, तुम्ही जा पाहुण्यांकडे. ताई आहेत का अजून?'

ताई होत्या. त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं. शेवटच्या पानावर चिकटवलेली आज्ञा जशीच्या तशी सर्व्हरच्या स्क्रीनवर टाइप केली, आणि जो ठसा दिसला तो मला फोनवर वाचून दाखवायला लागल्या. त्रेचाळीस चिन्हं. 'कॅपिटल क्यू. स्मॉल एक्स. सात. कॅपिटल बी, बदकातला. अधिकचं चिन्ह.' मी इकडे भीमाच्या इशाऱ्यात आलेला ठसा ताडत होतो. अक्षर न् अक्षर तेच. म्हणजे एक शंका मिटली. भीमा जिच्याशी बोलत होती ते मशीन खरोखर शिरूरच्याच खोलीत, ताईंच्या समोर होतं. मध्ये कुणी तिसरा नव्हता.

'आता रजिस्टरमधल्या चालू ओळीशी जुळतोय का बघा,' मी म्हटलं.

'नाही. पहिलंच अक्षर वेगळंय.'

मग पानं उलटल्याचा आवाज. बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

'दादा, सापडला. हा मागच्या पानावर आहे. पण याच्यावर लाल रेघ आहे. रद्द लिहिलंय, तुमची सही आहे, माझीपण आहे.' आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, 'म्हणजे हा जुना डबा आहे.'

त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये एक खातं उघडून पाहिलं. शेवटचा व्यवहार आठ महिन्यांपूर्वीचा.

रात्री उशिरा कळलं की खऱ्या सर्व्हरची डिस्क गेली होती. वीज येता-जाता कायमची. म्हणजे त्या क्षणी, गेल्या आठ महिन्यांच्या सगळ्या ठेवी, सगळे हप्ते, भाजीवाल्या आजीचे रोजचे वीस रुपये, हे जगात एकाच ठिकाणी होतं: दौंडमध्ये, भीमावर. आणि ती एक ओळ उडवली असती तर भीमाने आठ महिने जुनी माहिती 'आजची प्रत' म्हणून आनंदाने उचलली असती. आधीच्या काही दिवसांच्या प्रती वेगळ्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे एका रात्रीत सगळं पुसलं गेलं नसतं, हे खरं. पण दिवा हिरवा झाला असता. हिरवा दिवा दिसल्यावर कोण तपासतं? सोमवारी जुन्या मशीनवर काउंटर उघडला असता, नव्या नोंदी जुन्या शिलकांवर बसल्या असत्या, आणि जेव्हा कुणा खातेदाराने भांडण काढलं असतं तेव्हा कुठली प्रत खरी हे ठरवायलाच आठवडे गेले असते. माहिती हरवली तर निदान हरवली हे कळतं. खरी आणि जुनी माहिती एकमेकीत मिसळली, की ती वेगळी करणं महाकठीण.

रविवारी मी दौंडहून कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेली डिस्क सॅकमध्ये घालून बाइकवर निघालो. पाटस, चौफुला, न्हावरा, शिरूर. त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांना मागे टाकताना पाठीवर अख्ख्या संस्थेची वही आहे ही जाणीव काही सुखाची नव्हती. डिस्क चोरीला गेली असती तरी किल्लीशिवाय ती कुणाला वाचता आली नसती, हे डोक्याला माहीत होतं. पाठीला माहीत नव्हतं.

शिरूरमध्ये नवी डिस्क टाकली, यंत्रणा नव्याने उभी केली, माहिती परत आणली. नवं मशीन म्हणजे नवी किल्ली, नवा ठसा. मी वाचला, ताईंनी रजिस्टरमध्ये लिहिला, मग त्यांनी वाचला आणि मी ताडला. दोन सह्या. त्यानंतरच दौंडला भीमाच्या यादीत तो ठसा बदलला. डिस्क गेलेल्या मशीनच्या ओळीवर लाल रेघ. जुन्या डब्याची डिस्क काढून आधी पुसली, मग तिला ड्रिलने भोकं पाडली. शनिवारचे व्यवहार बॅकअपमध्ये नव्हते, कारण ते शुक्रवार रात्रीनंतरचे. पण त्यांची व्हाउचरं फाइलमध्ये होती. ताईंनी रविवारी दुपारी ती एकेक करून भरली. रोकड आदल्या संध्याकाळी मोजलेलीच होती. रुपयाला रुपया जुळला.

या गोष्टीत हॅकर नाही, हे माझ्या लक्षात आहे. लोकांना सांगितलं की ते थोडे निराशही होतात. पण सुरक्षितता म्हणजे फक्त चोरापासून बचाव, असं मला वाटत नाही. खोटं मशीन मुद्दाम घुसवलेलं असो की कुणी चांगल्या हेतूने स्टोअररूममधून आणलेलं, बॅकअपच्या बाजूने प्रश्न एकच असतो: जे नाव सांगतोस, तो तू आहेस का? दोन्हींसाठी उत्तर तपासायची पद्धतही एकच. आणि ती पद्धत कंटाळवाणीच असणार. त्रेचाळीस अक्षरं मोठ्याने वाचणं हे कुणालाही रोमांचक वाटत नाही.

नावं बदलत राहणार आहेत. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण जुन्या नावाचे सातबारे, दाखले, बँकेची पत्रं घराघरांत आहेत आणि राहतील. कुठल्याही नव्या यंत्रणेला 'हे नाव म्हणजे पूर्वीचं ते' ही ओळ जपावीच लागेल. बॅकअपच्या जगातही मशीनचं नाव सहज म्हणून बदललं तर अनेक सॉफ्टवेअरना ते नवंच मशीन वाटतं, आणि मागच्या कित्येक महिन्यांच्या प्रती जुन्या नावाखाली अनाथ पडून राहतात. म्हणून जुनं नाव पुसायचं नाही. ते रद्द करायचं, तारखेसकट, आणि वाचता येईल असं ठेवायचं.

सोमवारी काउंटर नेहमीच्या वेळी उघडला. पिग्मी एजंट मशीन घेऊन बाजारात गेला. व्यवस्थापकांनी मला चहा सांगितला आणि विचारलं की ते रजिस्टर अजून एक छापून घेऊ का, यातली पानं संपत आलीत. ताई म्हणाल्या, घ्या, पण या वेळी 'रद्द'साठी वेगळा रकाना ठेवा, मोठा. लाल रेघेत ठसा वाचायला त्रास होतो.